सातमिनिटे

सातमिनिटे हे त्यांचं खरं आडनाव नाही. खरं आडनाव कोकणातल्या एका गावावरून पडलेलं, साधंसुधं आहे आणि आमच्या लोकलच्या डब्यात ते आता कुणाला आठवत नाही. सातपुते असतात, दहातोंडे असतात, बारटक्के असतात, मग सातमिनिटे का नसावेत, असं आमच्या ग्रुपमधल्या एकानं २०१० च्या सुमारास विचारलं आणि घाटकोपर येईपर्यंत बारसं उरकलं. 

कारण उघड होतं. घर स्टेशनपासून किती लांब? सात मिनिटं. भाजीबाजार? सात मिनिटं. मुलाची शाळा? सात मिनिटं, आणि रस्ता ओलांडावा लागत नाही. ठाणे? पूल चढलात की सात मिनिटं. दवाखाना? तोही सात मिनिटं, पण गरजच पडत नाही, आमच्याकडची हवा चांगली आहे. शेवटी एकानं मुद्दाम विचारलं, "काका, आणि स्मशान?" सातमिनिटे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ते जरा लांब आहे." 

पुढे मी त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो तेव्हा मला सतरा मिनिटं लागली. मी तसं बोलून दाखवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते माझ्या गुडघ्यांची काळजी वाटल्यासारखं. त्यांचा हिशेब मला हळूहळू कळला. प्लॅटफॉर्म संपतो तिथून मोजायला सुरुवात करायची आणि सोसायटीच्या गल्लीचा पहिला खड्डा लागला की थांबायचं. दिवस रविवारचा, वेळ सकाळी सहाची, हातात पिशवी नाही. आणि रिक्षा.

हे सगळं कळव्याचं. ठाण्याच्या पुढचंच स्टेशन. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यापर्यंतच आली. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले, पण मुंबईकराच्या मनातली गाडी अजून ठाण्यालाच थांबलेली आहे. खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे पाणी तेच, डास तेच, १९८२ पासून महापालिकाही तीच. घराचा भाव मात्र पुलावरून चालत येता येता दमतो. सातमिनिट्यांनी तो नेमका दमलेला असताना गाठला.

तोवर ते परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तीन भाऊ, दोन जावा आणि आई अशा गर्दीत राहत होते. २००९ मध्ये त्यांनी घर शोधायला घेतलं. मुलुंडला दलालानं भाव सांगितला, यांनी स्टेशनबाहेर एक वडापाव खाल्ला आणि परत आले. नौपाड्यात भाव विचारायलाही आधी टोकन द्यावं लागेल असं त्यांना वाटलं. घोडबंदर रोडला डोंगर होता, झाडी होती, बिबट्यासुद्धा होता, फक्त स्टेशन नव्हतं. मग एका रविवारी ते स्लो गाडीत ठाण्याला उतरायचं विसरले (हे त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं म्हणणं, ते स्वतः याला 'अभ्यास' म्हणतात) आणि कळव्याला उतरले.

साडेसतरा लाख. ५८० चौरस फूट. पावसाळ्यानंतर ताबा.

ताबा मिळाला त्या रात्री त्यांनी नव्या घरात पहिली वस्तू आणली ती मोजपट्टी. वहिनी टोकाशी, हे दुसऱ्या टोकाशी. भिंतीला भिंत, कोनाड्याला कोनाडा धरून मोजलं, बाथरूममध्ये नळाच्या मागे हात घालून मोजलं. भरले ३९८. दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या माणसाला गाठून यांनी विचारलं, "आमचे १८२ फूट कुठायत?" त्यानं शांतपणे समजावलं की ते सुपर बिल्टअप आहेत, म्हणजे जिना, लिफ्ट, खालची लॉबी, गच्चीवरची टाकी यांत थोडे थोडे आहेत. २०१७ मध्ये महारेरा आलं आणि कार्पेटवरच भाव सांगायचं बंधन आलं, पण त्याआधी हे असंच चालायचं. दुसरा कुणी असता तर भांडला असता. सातमिनिट्यांनी ती जागा वापरायला काढली. संध्याकाळी ते जिन्यात उभे राहतात तेव्हा जिन्यात नसतात, स्वतःच्या घरात असतात. तिथे कुणी चपला काढल्या की म्हणतात, "जरा बाजूला काढा, हा आमचा भाग आहे."

कर्ज चौदा लाखांचं, वीस वर्षांचं, साडेनऊ टक्क्यांनी. हप्ता तेरा हजार पन्नास. पहिला हप्ता गेला त्या दिवशी त्यांनी बँकेतून तक्ता मागवून घेतला आणि गाडीत उघडून बसले. तेरा हजार पन्नासातले अकरा हजार त्र्याऐंशी व्याजाचे. मुद्दलात वळले एक हजार नऊशे सदुसष्ट. घराच्या दरानं हिशेब केला तर पाऊण चौरस फूटही होत नाही. "म्हणजे या महिन्यात," ते म्हणाले, "दोन पावलं जुळवून उभं राहता येईल एवढं घर आपलं झालं." आणि खरंच त्या रात्री हॉलच्या कोपऱ्यात ते पावलं जुळवून उभे राहिले होते, असं वहिनी सांगतात. पुढे व्याजदर वाढले. हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली, कारण तेव्हा बँका ते तसंच करत. वीस वर्षांची चोवीस झाली. हे त्यांनी डब्यात कधी सांगितलं नाही.

त्यांचा पत्ता हा एक स्वतंत्र विषय आहे. लग्नात कुणी भेटलं आणि विचारलं, तर ते ठाण्यात राहतात. समोरच्यानं "ठाण्यात कुठे?" म्हणून खोदलं, तर "स्टेशनच्या जवळच" राहतात. आणखी खोदलं तर पिन कोड सांगतात, ४००६०५, आणि विषय पोस्टखात्यावर नेतात. पण तोच माणूस घर शोधतोय असा नुसता वास आला की ठाणे जागच्या जागी बुडतं आणि खाडीतून कळवा वर येतं. "ठाणे? ठाण्यात आता काय राहिलंय? कळव्याला ये. एकदा नुसतं बघायला ये."

नुसतं बघायला जाणं अवघड असतं. आधी पाण्याचा ग्लास पुढे येतो. "पी. आमचं पाणी पी." मग बाल्कनी. तिला ते गॅलरी म्हणत नाहीत. लोखंडी बॉक्स ग्रिलमध्ये तुळस, वॉशिंग मशीन, मुलाची जुनी सायकल आणि वाळत घातलेल्या कुरडयांच्या पलीकडे बोट करून ते म्हणतात, "तो बघ पारसिकचा डोंगर."

"कुठे?"

"त्या बिल्डिंगच्या मागे."

बिल्डिंग २०१४ मध्ये उभी राहिली. डोंगर त्याआधी पाच वर्षं खरोखर दिसत होता आणि सातमिनिट्यांच्या मते एकदा दिसलेला डोंगर विकत घेतलेल्या फ्लॅटमधून वजा होत नाही. तेवढ्यात खालून गाडी धडधडत जाते, कपाटावरच्या बशा किणकिणतात आणि ते हात वर करून आपल्याला गप्प राहायला सांगतात. "ऐकलंस? झोप इतकी छान लागते. सुट्टीत गावाला गेलो की मला झोपच येत नाही." त्याच वेळी आतून आवाज येतो, "अहो, पाणी गेलं."

वहिनी या सगळ्या प्रचारातला एकमेव विरोधी पक्ष. त्या फारसं बोलत नाहीत, चहा ठेवता ठेवता दुरुस्त्या सुचवतात. "सात मिनिटं हे एकटे जातात. मी भाजी घेऊन येते तेव्हा पंचवीस लागतात." किंवा, "शाळा जवळ आहे, पण आपला मुलगा त्या शाळेत नव्हता."

कळव्याचा कोणताही दोष सातमिनिट्यांना सांगून पाहा. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पावसात पाणी तुंबतं? "चार दिवस. लोणावळ्याला पैसे देऊन भिजायला जातात ना लोक?" फास्ट गाड्या थांबत नाहीत? "म्हणूनच तर शांतता आहे." खारेगावच्या फाटकाशी तर त्यांची मैत्री होती. ते उघडं राहिलं की गाड्या रखडायच्या आणि मिटलं की माणसं. उशीर घरून झाला काय, गाडीत झाला काय, बारा वर्षं सगळ्या लेट मार्काचं खापर फाटकावर फुटलं. २०२२ मध्ये उड्डाणपूल झाला, फाटक बंद झालं. कळव्यात पेढे वाटले गेले असतील. सातमिनिटे त्या आठवड्यात दोनदा उशिरा आले आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

खरं दुखणं गाडीत चढण्याचं. कल्याण-डोंबिवलीची माणसं पोटात घेऊन स्लो गाडी कळव्याला येते तोवर तिच्यात टाचणी शिरायला जागा नसते. म्हणून कळव्याची काही माणसं कारशेडकडे जातात, तिथून ठाण्याला लागणाऱ्या रिकाम्या गाडीत चढायला. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही. सातमिनिटे कायद्याचे माणूस. ते एकदाच गेले, रुळावरच्या खडीत पाय मुरगळून घेतला आणि पंधरा दिवस "जिन्यावरून पडलो" असं सांगत राहिले. जिना त्यांचाच असल्यामुळे कुणी जास्त चौकशी केली नाही.

त्यांच्याकडे एक फाइल आहे. निळी, दोरीची. तिच्यावर 'एरिया' असं लिहिलंय. वर्तमानपत्रात कळव्याबद्दल चांगलं काही छापून आलं की कात्रण तिच्यात जातं. सगळ्यात जाड पुडकं ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्गाचं, ज्याला ते 'एलिव्हेटेड' म्हणतात. तो मंजूर झाला २०१६ मध्ये. कल्याणकडून येणाऱ्यांना नवी मुंबईला जायचं तर ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते, ती कटकट त्यानं संपणार. तेव्हापासून एलिव्हेटेड दोन वर्षांत होतोय. २०२४ च्या जानेवारीत त्यातलं दिघा स्टेशन उघडलं, तेव्हा ते मुद्दाम रजा काढून दिघ्याला जाऊन बाकावर बसून आले. पाचवी-सहावी मार्गिका आली, रूळ वाढले, कळव्याला फास्टचा थांबा काही वाढला नाही. खाडीवरचा तिसरा पूल मात्र २०२२ च्या नोव्हेंबरात खरोखर झाला आणि त्या दिवशी डब्यात सातमिनिट्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू गर्डर त्यांनी स्वतः उचलले.

आणि दर दिवाळीला भाव. "आमच्या इथे आता नऊ चाललाय." पुढच्या दिवाळीला, "साडेदहा. परवाच एक गेला." कुणीतरी विचारायचंच, "मग विका की काका." त्यावर ते दुखावून म्हणत, "विकून जाऊ कुठे?"

मी तेव्हा मुलुंडला भाड्यानं राहायचो. अकरा महिने संपले की घरमालकाची भाची परदेशातून परत यायची, असं तीनदा झालं. २०१८ मध्ये मी त्यांच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये घर घेतलं. माझ्या आधी त्यांनी दहा-बारा जणांना तिथे आणून बसवलं होतं. तिथल्या दलालानं त्यांना एकदा पाकीट देऊ केलं, तर ते त्याच्या अंगावर धावून गेले. मला वाटतं, घेतलं असतं तर बरं झालं असतं. ते दलाल झाले असते आणि त्यांचा त्यांनाही उलगडा झाला असता. पैसे घेत नाहीत, मग हा माणूस सोळा वर्षं हे कशासाठी करतोय?

ते मला कळलं त्यांच्या थोरल्या भावाच्या वास्तुशांतीला. साडेसतरा लाखांतले चौदा कर्जाचे, मग वरचे साडेतीन कुठून आले हे मी कधी विचारलं नव्हतं. ते भावानं दिले होते. बदल्यात यांनी चाळीतल्या खोलीवरचा हक्क सोडल्याची सही केली. व्यवहार चोख, सगळे खूश. चार वर्षांनी चाळ पुनर्विकासाला गेली, रखडली, पुन्हा सुरू झाली आणि भावाला परळमध्ये, स्टेशनपासून चालत, चौदाव्या मजल्यावर फुकटात घर मिळालं. मला त्यांनी सोबत नेलं होतं. भावजयीनं आपुलकीनं सगळं घर दाखवलं. खिडकीतून अर्धी मुंबई दिसत होती आणि मध्ये कुठलीही बिल्डिंग नव्हती. सातमिनिट्यांनी सगळं बघितलं, प्रसाद घेतला आणि दोनच प्रश्न विचारले. "मेन्टेनन्स किती?" आणि "लिफ्ट बंद पडली तर?" 

खाली उतरल्यावर ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत स्टेशनपर्यंत चालले. जिना चढताना मला म्हणाले, "अकरा मिनिटं." नंतर कळवा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मी त्यांना सतरा मिनिटांची आठवण करून देणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न ठरलं. मुलगा ऐरोलीत नोकरीला, पगार बरा. वन बीएचकेमध्ये चौघांनी राहायचं नाही यावर वहिनी आणि होणारी सून यांचं पहिल्याच भेटीत एकमत झालं. सातमिनिट्यांना अडचण दिसेना. "आपल्याच गल्लीत घेऊ. सात मिनिटं सोड, सात पावलं." मग मुलानं कळव्यातले आजचे भाव कागदावर मांडले. पंधरा वर्षं जो आकडा ते डब्यात पेढ्यासारखा वाटत आले, तो त्यांच्याच मुलाच्या दारात आडवा पडला होता. मुलाला हप्ता झेपेना. दिवा, डोंबिवली, अंबरनाथ करत रविवार पुढे पुढे सरकत गेले आणि एका सकाळी आम्ही तिघं बदलापूरला उतरलो.

दलाल पोरसवदा होता, मोटारसायकल घेऊन आलेला. "काका, गाडीवर बसा. तसं चालतही येता येतं. स्टेशनपासून सात मिनिटं."

सातमिनिट्यांच्या चेहऱ्यावर मी इतका संशय कधी पाहिला नव्हता. "चालत जाऊ," ते म्हणाले. त्यांच्या घड्याळाचा सेल गेला होता. मला म्हणाले, "लाव रे तुझ्या मोबाइलवर."

वाटभर त्यांनी त्या पोराला सोलून काढला. कार्पेट किती? कार्पेट सांग, दुसरं काही सांगू नकोस. महारेराचा नंबर? ओसी आहे की येतेय? "येतेय" म्हणजे कधी, तारीख सांग. नदी किती लांब? पोरगं उजळून म्हणालं, "रिव्हर व्ह्यू आहे ना काका!" 

"२०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच पाण्यात अडकली होती ना?"

"हो, पण काका, तेव्हा आपली बिल्डिंग नव्हतीच."

यावर सातमिनिट्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, माणूस ओळखला त्यांनी.

फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. प्लॅस्टरचा वास, दारं बसायची होती, मुलगा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उगाचच जात होता आणि परत येत होता. दुसरी खोली असणं म्हणजे काय ते त्याला नव्यानं कळत होतं. सातमिनिट्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, एक भिंत मोजली आणि बाल्कनीत गेले ते आलेच नाहीत. मी मागून गेलो. समोर डोंगर होता. पूर्ण, पायथ्यापासून शिखरापर्यंत. मध्ये एक रिकामा प्लॉट होता आणि त्यावर पाटी लागलेली होती. ती त्यांनी वाचली हे मी पाहिलं.

आत येऊन ते मुलाला म्हणाले, "चेकबुक आणलंयस का?" 

एक्कावन्न हजारांचं टोकन दिलं. 

सोमवारी डब्यात सगळ्यांना बातमी कळली. जागा मिळालेल्यांपैकी एकानं मान वर करून विचारलं, "बदलापूर? फार लांब नाही पडत, काका?" सातमिनिटे दारातल्या गर्दीत एका पायावर उभे होते, बॅग पोटाशी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लांब कुठलं? स्टेशनपासून सात मिनिटं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या दिवशीची वेळ अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तेवीस मिनिटं, चाळीस सेकंद.